लग्न पुण्यात, लेक शारजात, नोंद मनिलात

वाचकाचं पत्र (थोडक्यात): मी मूळचा साताऱ्याचा, बरीच वर्षं शारजात नोकरीला आहे. बायको फिलिपिन्सची, इलोइलोची, इथेच नर्स आहे. २०२१ साली आम्ही पुण्यात विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं. मुलगी शारजात झाली, आता आठ महिन्यांची आहे. तिची भारतीय वकिलातीत नोंद झाली, भारतीय पासपोर्ट निघाला, इथला व्हिसाही लागला. फिलिपिन्सच्या दप्तरी मात्र यातलं काहीच नाही. सासूबाई म्हणतात, "इकडच्या हिशेबी तुमचं लग्न झालेलंच नाही. नाताळात या, इथे नव्याने लग्न करून टाका, म्हणजे कागद मिळेल." एजंटही तेच सुचवतोय. मुलीची तिकडे नोंद केली तर तिचा भारतीय पासपोर्ट धोक्यात येईल का, ही वेगळीच धास्ती. त्यातच बायकोची थोरली बहीण २०२० मध्ये इथे वारली, दफनही इथेच झालं. आता तिच्या मुलाकडे तिकडची बँक आईच्या मृत्यूचा मनिलाचा दाखला मागते. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

आधी काय करू नये ते सांगते. नाताळात इलोइलोला जरूर जा, लेकीला आजीच्या मांडीवर द्या, पण तिथे दुसऱ्यांदा लग्न नोंदवू नका. एजंट कितीही सोपं करून सांगो.

तुमचं लग्न झालेलं आहे. पुण्यात झालं त्या दिवसापासून ते फिलिपिन्सच्या कायद्यानेही झालेलं आहे. तिथला कुटुंब कायदा ऑगस्ट १९८८ पासून लागू आहे आणि त्याचं सव्विसावं कलम याच बाबतीत आहे: परदेशात तिथल्या कायद्याप्रमाणे झालेलं आणि तिथे वैध असलेलं लग्न फिलिपिन्समध्येही वैध. अपवाद आहेत, पण ते अल्पवयीन, आधीचं लग्न कायम असलेले, जवळच्या नात्यातले अशांसाठी. तुम्ही त्यात बसत नाही. राहिलंय ते एवढंच, की झालेल्या लग्नाची खबर मनिलापर्यंत पोचलेली नाही. ती पोचवायच्या कागदाला तिकडे रिपोर्ट ऑफ मॅरेज म्हणतात. त्याने लग्न लागत नाही, लागलेलं लग्न दप्तरी चढतं.

आता दुसऱ्यांदा लग्न लावलंत तर काय होईल ते बघा. लग्नाच्या परवान्याच्या अर्जात तुमच्या पत्नीला स्वतःला अविवाहित म्हणवून घ्यावं लागेल. ते खोटं विधान झालं. तुमच्या नावावर दोन देशांत, दोन तारखांची, दोन लग्नं होतील. आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते पुढे आहे: मनिलाच्या दप्तरात लग्नाची तारीख येत्या डिसेंबरची आणि लेकीचा जन्म त्याच्या आधीचा. म्हणजे रीतसर लग्न झालेल्या आईबापांची मुलगी कागदावर लग्नाआधीची ठरणार. तिकडच्या कायद्यात त्या फरकाला अजूनही वजन आहे, आडनावापासून वारसाहक्कापर्यंत. चार महिने वाचवण्यासाठी हे मुलीच्या माथी मारू नका.

सासूबाईंची काळजी मात्र खोटी नाही. त्यांच्या देशात पीएसएच्या, म्हणजे फिलिपाइन स्टॅटिस्टिक्स ऑथॉरिटीच्या, कागदाशिवाय पान हलत नाही. २०१३ च्या कायद्याने हे खातं झालं. त्याआधी ते काम एनएसओ या जुन्या सांख्यिकी कार्यालयाकडे होतं, आणि जुनी माणसं अजूनही "एनएसओचा कागद" असंच म्हणतात. लेकीच्या लग्नाचा तो कागद नाही, म्हणून त्या बेचैन आहेत. त्यांना चर्चचा आशीर्वाद हवा असेल तर ती गोष्ट वेगळी. आधी झालेलं नागरी लग्न चर्चच्या विधीने मान्य करून घेता येतं. तुम्ही ख्रिस्ती नसाल तर त्यासाठी बिशपची परवानगी लागते, आणि पाद्रीसाहेब बहुधा पीएसएचा विवाहदाखलाच मागतील. म्हणजे वाट पुन्हा त्याच नोंदीतून जाते. सासूबाईंना हे तुमच्या पत्नीने समजावलेलं बरं. जावयाच्या तोंडून ते टाळाटाळीसारखं ऐकू येईल.

याच समजाची दुसरी बाजूही सांगून ठेवते, कारण ती आखातातल्या अनेकांना नडते. नोंद नाही म्हणजे लग्न नाही, आपण मोकळे, असं धरून काही जण पुढे दुसरं लग्न करतात. पीएसएकडून "विवाहाची नोंद आढळत नाही" असा दाखला मिळतो, त्याला सेनोमार म्हणतात. नोंदच केलेली नाही तर ती आढळणार कुठून? तो दाखला हातात असला तरी पहिलं लग्न उभंच राहतं आणि दुसरं लग्न तिकडच्या दंडविधानात गुन्हा ठरतं.

आता कामाला लागू. क्रम चुकवू नका: आधी लग्न, मग लेकीचा जन्म. जन्माच्या अर्जात आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण विचारतात आणि त्याचा पुरावा मागतात.

तुमच्या बाबतीत गुंता आहे तो हद्दीचा. फिलिपिन्सच्या रीतीप्रमाणे घटना जिथे घडली तिथल्या वकिलातीत नोंद करायची. लेक शारजात झाली, म्हणून तिची नोंद दुबईच्या फिलिपिन्स कॉन्सुलेटमध्ये. दुबई आणि उत्तरेकडच्या अमिराती त्यांच्याकडे, अबू धाबी तेवढी तिथल्या दूतावासाकडे. लग्न पुण्यातलं, म्हणून ते मूळ नियमाने नवी दिल्लीच्या दूतावासाकडे. काही वकिलाती हद्दीबाहेरचं लग्नही स्वीकारतात आणि पुढे पाठवतात. तेव्हा आजच दुबईला ईमेल करा: लग्न पुण्यात, राहतो शारजात, तुम्ही अर्ज घ्याल का? नाही म्हणाले तर तोच प्रश्न दिल्लीला, सोबत आणखी दोन: अर्ज टपालाने घेता का, आणि घेत असाल तर आमच्या सह्या कोणासमोर झालेल्या हव्यात? उत्तर लेखी घ्या. फोनवर एक जण एक सांगतो, खिडकीवर दुसरा दुसरं.

बरेच जण मला लिहितात, "लग्नाआधी दिल्लीच्या दूतावासानेच दाखला दिला होता, मग त्यांना माहीत नाही का?" तुमच्याही पत्नीने पुण्याच्या विवाह अधिकाऱ्याला तसा दाखला दिला असणार. तो दाखला एवढंच सांगतो की ही व्यक्ती लग्न करायला मोकळी आहे. नंतर लग्न झालं की नाही, कोणाशी झालं, कधी झालं, हे दूतावासाला तुम्ही कळवल्याशिवाय कळत नाही. त्याची प्रत घरात असेल तर मात्र जपून ठेवा, अर्जासोबत उपयोगी पडेल.

कागद फार नाहीत. विवाह अधिकाऱ्याने दिलेलं प्रमाणपत्र, दोघांचे पासपोर्ट, दोघांचे जन्मदाखले (तुमच्या पत्नीचा पीएसएचा), फोटो, आणि अर्जाच्या तीन-चार मूळ सह्यांच्या प्रती. एक प्रत मनिलाला जाते, एक वकिलातीत राहते, एक तुम्हाला मिळते. पत्नीचा सेनोमारही मागू शकतात. प्रमाणपत्रावरचा मजकूर मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या. त्यावर आपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे मिळणारं प्रमाणन, मागितलं तर घाबरू नका. भारत २००५ पासून आणि फिलिपिन्स २०१९ पासून त्या करारात आहे. राज्य सरकारचं प्रमाणन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, हे काम पुण्यातला भाऊ किंवा मित्र तुमच्या वतीने करू शकतो. फी साधारण पंचवीस डॉलरइतकी असते, स्थानिक चलनात. लग्नाला वर्ष कधीच उलटून गेलंय, त्यामुळे उशीर का झाला याचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागेल. त्यात कारणांचा फुलोरा नको. लग्नानंतर लगेच शारजाला परतलो, नोंद करायची असते हे माहीत नव्हतं, एवढं खरं असेल तर एवढंच लिहा. उशिरा नोंद केली म्हणून कोणी तुमच्या पत्नीला शिक्षा करत नाही. बायका या भीतीने वर्षानुवर्षं गप्प बसतात, म्हणून मुद्दाम सांगते.

अर्ज एजंटला भरू देऊ नका. टायपिंग सेंटरमध्ये नुसता टाईप करून घ्यायला हरकत नाही, पण मूळ कागद त्यांच्याकडे सोडून येऊ नका, आणि सही करण्याआधी पत्नीने स्वतः अक्षर न् अक्षर वाचलं पाहिजे. ही कामं सगळ्यात जास्त अडतात ती नावांत.

तिकडे माणसाचं मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. समजा मुलीचं नाव अन्वी, वडील संजय पाटील, आईचं माहेरचं आडनाव रेयेस. आपल्या लेखी ती अन्वी संजय पाटील, त्यांच्या लेखी अन्वी रेयेस पाटील. भारतीय पासपोर्टात मधल्या नावाला वेगळा रकानाच नाही, त्यामुळे "अन्वी संजय" हे सगळं पहिल्या नावाच्या रकान्यात जातं. आता फिलिपिन्सचा अर्ज भरताना कोणी म्हणेल, संजय कशाला, तो काढून टाकू, नाव सुटसुटीत होईल. काढू नका. शारजाचा जन्मदाखला आणि भारतीय पासपोर्ट जसं म्हणतात तसंच पहिलं नाव राहू द्या, म्हणजे "अन्वी संजय", मधलं "रेयेस", आडनाव "पाटील". लांबलचक वाटेल, पण तिन्ही देशांच्या कागदांत पहिलं नाव आणि आडनाव जुळेल. खिडकीवर बसलेल्या माणसाला हे सगळं आधीच समजावून सांगा, कारण फिलिपिनो डोळ्याला मधोमध आलेलं संजय हे आईचं आडनाव वाटू शकतं.

आईच्या नावाचंही तेच. जन्माच्या अर्जात तिचं माहेरचं पूर्ण नाव लागतं, तिच्या स्वतःच्या पीएसए दाखल्यात आहे तसंच. तिकडे मारिया हे नाव सर्रास "मा." असं छोटं करून लिहितात, दाखल्यात मा. असेल आणि शारजाच्या कागदात मारिया असेल तर आत्ताच विचारून घ्या. आडनावात डोक्यावर लाट असलेलं एन अक्षर असेल तर ती लाट आपल्याकडच्या नि आखातातल्या संगणकात गळून पडते. आणि पुण्याच्या बँकेत किंवा गॅसच्या कार्डावर कोणी प्रेमाने तिचं नाव आपल्या पद्धतीने, तुमचं नाव मध्ये घालून, लिहिलं असेल तर तो कागद या कामात पुरावा म्हणून लावू नका. लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावलंच पाहिजे असं फिलिपिन्सचा कायदाही म्हणत नाही. तिचा पासपोर्ट माहेरच्या नावाने असेल तर नोंदी पुऱ्या होईपर्यंत तसाच राहू द्या.

चूक झालीच तर शुद्धलेखनाच्या चुका आणि पहिलं नाव कोर्टाशिवाय दुरुस्त करता येतं. २००१ च्या कायद्याने ती सोय झाली, आणि २०१२ मध्ये जन्माचा दिवस, महिना आणि लिंगाच्या रकान्यातल्या लेखनचुकाही त्यात आल्या. परदेशात राहणाऱ्यांना असा अर्ज वकिलातीतून करता येतो. पण त्यापलीकडच्या बदलाला कोर्ट लागतं. म्हणून सही करण्याआधीचं वाचन महत्त्वाचं.

लेकीच्या पासपोर्टची धास्ती. १९८७ च्या फिलिपिन्सच्या राज्यघटनेप्रमाणे आई किंवा वडील यांपैकी एक फिलिपिन्सचं नागरिक असेल तर मूल जन्मतःच नागरिक, कुठेही जन्मो. म्हणजे तुमची मुलगी फिलिपिन्सची नागरिक पहिल्या श्वासापासून आहे. जन्माची नोंद केल्याने ती नव्याने काही बनत नाही. भारतीय वकिलातीत तुम्ही जे लिहून दिलंत ते हे, की तिच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. ते आजही खरं आहे आणि जन्माची नोंद केल्यावरही खरंच राहील. मोडेल ते तिचा फिलिपिन्सचा पासपोर्ट काढलात तर. तो मोह टाळा. नाताळच्या प्रवासासाठी सुद्धा नाही. भारतीय पासपोर्टवरच न्या, व्हिसा लागत असेल तर काढून.

पुढचा निर्णय तिचा आहे, आणि त्याची मुदत आपल्या नागरिकत्व कायद्यात दिलेली आहे: सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांच्या आत दुसरं नागरिकत्व सोडलं नाही तर भारतीय नागरिकत्व जातं. ही तारीख आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा. मधल्या काळात तुम्हा दोघांना वाटलं की तिला फिलिपिन्सचाच पासपोर्ट बरा, तर भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं कार्ड, घेता येतं. एक पालक भारतीय नागरिक असला की अल्पवयीन मुलाला तो हक्क आहे. दोन्ही पासपोर्ट खिशात ठेवायचा सल्ला देणारे आखातात पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका.

मग नुसती नोंद तरी कशाला, असं मनात येईल. कारण तिचा हक्क पुराव्यानिशी राहतो. एक उदाहरण देते: तिथल्या राज्यघटनेप्रमाणे परक्या नागरिकाला, वारसाने आलेली सोडून, जमीन घेता येत नाही. आजोळची जमीन असेल, किंवा उद्या तुमची पत्नी तिथे घर बांधेल, तेव्हा तुम्ही आणि तुमची मुलगी यांची स्थिती एकसारखी नसेल. शिवाय अठराव्या वर्षी तिला खरोखर निवड करायची असेल तर दोन्ही दारं उघडी असायला हवीत. मुलगी आठ महिन्यांची आहे हे चांगलं आहे: साधारण वर्षाच्या आत अर्ज गेला तर उशिराच्या प्रतिज्ञापत्राची भानगड नाही. लग्नाच्या नोंदीचं घोंगडं दिल्ली-दुबईत भिजत पडलं तर दुबईला विचारा, की लग्नाचा अर्ज दाखल केल्याची पावती आणि पुण्याचं प्रमाणपत्र दाखवून जन्माचा अर्ज घेतील का.

इथे एक गोष्ट इतर वाचकांसाठी, तुम्हाला ती लागू नाही. फिलिपिन्समध्ये मुस्लिमांचा वेगळा कायदा सोडला तर घटस्फोट नाही. फिलिपिनो जोडीदाराचं आधीचं लग्न परदेशी माणसाशी झालेलं असेल आणि परदेशात घटस्फोट झाला असेल तर तो तिथे मान्य होऊ शकतो; घटस्फोट फिलिपिनो जोडीदाराने स्वतः मागितला असला तरीही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या मानालो खटल्यात स्पष्ट केलं. पण तिथल्या कोर्टाकडून मान्यता घ्यावी लागते. वकिलातीच्या खिडकीवर तो प्रश्न सुटत नाही, तिकडचा वकील गाठा.

आता तुमच्या मेहुणीबाई. पत्रात त्यांच्याबद्दल तुम्ही शेवटी आणि सगळ्यात कमी लिहिलंत, पण मला तेच काम आधी करावंसं वाटतं. बाकी दोन्ही नोंदी पुढेमागे झाल्या तर चालतील. तो मुलगा आईच्या पैशांसाठी आत्ता अडलाय.

पहिलं पाऊल त्याने टाकायचं: इलोइलोतल्या पीएसएच्या केंद्रात आईच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी अर्ज. शक्यता आहे की २०२० मध्ये त्या कामाला असलेल्या कंपनीच्या माणसाने दफनाची परवानगी काढताना कॉन्सुलेटला कळवलं असेल आणि नोंद मनिलाला पोचलीही असेल, फक्त कोणी मागितली नसेल. सापडली तर काम संपलं. "नोंद नाही" असं उत्तर आलं तर तो कागद टाकू नका, त्याचा फोटो मागवून घ्या. मग तुमच्या पत्नीने दुबईच्या कॉन्सुलेटला विचारायचं: या नावाने मृत्यूची नोंद तुमच्याकडे झाली होती का? झाली असेल आणि मनिलाला पोचली नसेल तर ती कोणत्या तारखेच्या, कोणत्या क्रमांकाच्या टपालाने पाठवली ते लिहून घ्या. तो क्रमांक हातात असला की मनिलातल्या परराष्ट्र खात्यात चौकशी पुढे सरकते.

नोंद झालीच नसेल तर सख्खी बहीण म्हणून तुमच्या पत्नी ती आता करू शकतात. शारजाचा मृत्यूचा दाखला आणि त्याचं इंग्रजी कायदेशीर भाषांतर, दफनाचा कागद, मेहुणीबाईंचा पासपोर्ट, बहिणीचं नातं दाखवणारे दोघींचे जन्मदाखले, आणि उशिराचं प्रतिज्ञापत्र. पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत मिळतो. तो हरवला असेल तर हरवल्याचं प्रतिज्ञापत्र चालतं का ते विचारा. कंपनीकडे त्यांची जुनी फाइल अजून असेल, तिथेही एक चक्कर मारा.

भाच्याला आणखी एक सांगा. बँकेखेरीज आईच्या एसएसएसची, म्हणजे तिकडच्या सामाजिक सुरक्षेची, वर्गणी भरलेली होती का, आणि ओव्वाची, म्हणजे परदेशी कामगारांच्या कल्याण संस्थेची, सभासदी मृत्यूच्या दिवशी चालू होती का, हे त्याने विचारावं. ओव्वाची सभासदी दोन वर्षांची असते आणि नव्या कराराबरोबर बहुधा तिचं नूतनीकरण होतं, त्यामुळे चालू असण्याचा संभव आहे. दोन्हीकडे मृत्यूनंतरचा लाभ असतो. घरच्यांना माहीत नसतं म्हणून तो कित्येकदा मागितलाच जात नाही.

तिन्ही अर्ज गेल्यावर पीएसएचा कागद हातात यायला काही महिने लागतात. सहा धरून चाला, जास्तही लागू शकतात. वकिलातीने दिलेली प्रत तोवर जपून वापरा, आणि प्रत्येक अर्जाच्या पाठवणीचा क्रमांक त्याच दिवशी मागून घ्या. सासूबाईंना नाताळात दाखवायला पीएसएचा दाखला नसेल, पण कॉन्सुलेटचा शिक्का असलेली प्रत असू शकेल. दुबईचं उत्तर काय येतं ते मला कळवा. दिल्लीला लिहायची वेळ आली तर पत्राचा मसुदा पाठवा, मी बघून देईन.